शालन पोहायला शिकली होती

शालन गेल्याचं तिच्या दिरानेच फोनवर कळवलं. सकाळी पाहुण्यांसाठी आंबोळ्या घालताना ती चुलीपाशीच कोसळली होती. मी माझ्या कट्टा गावाहून तारकर्लीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच वाक्य म्हणत होता, ‘‘बरा झाला, आपल्या गावात मराण इला!’’ आता काही महिने उलटले, पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. नवरा गेल्यावर काही वर्षांनी तिच्या एकुलत्या एक मुलाने, प्रसादने, तिला कॅनडाला नेलं. त्याला मुलगी झाली होती, नवराबायको दोघंही नोकरीला... बाळाला बघणारं कोणीतरी हवं होतं. शालन साठीला आलेली, कणकवलीच्या पलीकडे एकटी कधी न गेलेली. हॅलिफॅक्समध्ये तिला घराच्या तळघरातली खोली मिळाली. खिडकी जमिनीलगत, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. पहिला हिवाळाभर फोनवर ती रडायची. ‘‘कुंदा, हंय माणसांका तोंडा नाय गो, नुसते पाय आसत,’’ म्हणायची.

पण रडत बसणारी बाई नव्हती ती. नात अर्धा दिवस पाळणाघरात जाऊ लागली तशी ही एकटी बसने फिरायला लागली. शेजारच्या समीरा नावाच्या लेबनॉनच्या विधवेशी तिची गट्टी जमली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला अरबी. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. दोघी मिळून मासळी आणायच्या. ‘‘बांगडो हंय पण गावता!’’ हे तिने मला असं सांगितलं, जणू सोनंच सापडलं. आणि मग एक दिवस ती म्हणाली, ‘‘हसशीत माका, पण मी पोवूक शिकलंय.’’

मी हसले नाही. जन्म समुद्राच्या काठावर गेला, तरी आमच्यातल्या कुठल्या बाईने घोट्यावर पाणी येऊ दिलं होतं? तिथल्या पोहण्याच्या तलावात बायकांचा वर्ग भरायचा. शालन अंगभर पोशाख घालून पाण्यात उतरली, पहिल्या दिवशी बुडते म्हणून किंचाळली आणि काही महिन्यांत या टोकाहून त्या टोकाला जायला लागली. तिचा आवाजच बदलला होता. परक्या देशात जाऊन रुजणं म्हणजे काय, हे मला तिच्या त्या आवाजात कळलं.

नात शाळेत पूर्ण वेळ जायला लागली आणि प्रसादला तळघराची खोली भाड्याने द्यायची झाली. आईला म्हणाला, ‘‘इथल्या थंडीत तुझे गुडघे दुखतात, तुला गावीच बरं वाटेल.’’ पोहायला लागल्यापासून तिचे गुडघे दुखायचे थांबले होते. हे तिने त्याला सांगितलंही. तोवर तिकीट काढून झालं होतं.

इथे परतली तर घराचं लॉज झालेलं. दिराने आणि प्रसादने फोनवरच ठरवलं होतं. समुद्राकडची तिची खोली पाहुण्यांना, तिला मागची, पडवीला लागून असलेली. दोन दिवसांत ती स्वयंपाकघरात उभी राहिली, कारण पाहुण्यांना ‘घरचं’ जेवण हवं होतं.

एका पहाटे ती तोच पोशाख घालून समुद्रात उतरली. लाटांच्या पलीकडे जाऊन छान पोहली म्हणे. दिराने काठावरून हाका मारमारून तिला बाहेर काढलं, पाहुणे बघत होते. मग तिला समजावायला त्याने मला बोलावून घेतलं. ‘‘ह्या वयात ही थेरां? लोकां काय म्हणतली?’’ मी म्हटलं, ‘‘शहरातल्या बायका तुमच्या दारात पोहतात, त्यांना टॉवेल देता ना तुम्ही?’’ त्याने प्रसादला फोन लावला. प्रसाद तिकडून म्हणाला, ‘‘आई, शोभतं का हे तुला?’’ शालन उठून स्वयंपाकघरात गेली. पुन्हा ती पाण्यात गेली नाही.

नंतर एकदा मला म्हणाली, ‘‘थंय माका कोण ओळखी नाय होता, म्हणान ‘तू कोण’ असा इचारीत. हंय सगळी ओळखतत... इचारणा कोण नाय.’’

अग्नी देताना प्रसाद मोबाईलच्या पडद्यावर होता. मध्येच चित्र अडकलं, आणि दिराने फोन हलवून हलवून पाहिला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी शालनच्या जाऊबाईंनी मागची खोली रिकामी करायला काढली. तिथे आता पाहुण्यांचे ड्रायव्हर झोपणार होते. साड्या वाटून झाल्या. पेटीच्या तळाशी एक जाड निळा कोट निघाला, गुडघ्यापर्यंत येणारा. ‘‘ह्यो हंय कोण घालतलो?’’ म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. मी तो उचलून घरी आणला. खिशात बसचं जुनं तिकीट होतं आणि समीराने दिलेली असावी, अशी वेलचीची पुडी. कोट माझ्या खोलीत खुंटीला आहे. इतका जड की खुंटी जराशी वाकली आहे. दमट हवेत त्याला बुरशी धरते, म्हणून मी तो दर आठवड्याला उन्हात घालते.