अक्कांची शिट्टी

"समुद्राकडं पाठ करायची न्हाय." हे सांगताना अक्का गळ्यातली शिट्टी दोन बोटांत धरायच्या. सहलीतली माणसं, डॉक्टर असोत नाहीतर चादरींचे व्यापारी, शाळेतल्यासारखी गप्प व्हायची.

सोलापुरात आमची छोटी सहल कंपनी. मी तिकिटांचं बघायचे, अक्का सहली न्यायच्या. तुम्ही म्हणाल, समुद्रच बघायचा तर माणूस कोकणात जाईल. अक्कांना तसले किनारे चालत नसत. आइसलँडची काळी वाळू, दक्षिण आफ्रिकेत पेंग्विनांशेजारी डुंबायची जागा, स्पेनमधला चक्क कुरणाच्या मधोमध असलेला किनारा. तिथं समुद्र दिसतच नाही, पाणी खडकाखालून आत येतं. "हिरीला झरा फुटतो, तसंच की," त्या सांगत. वैरागच्या या बाईच्या तोंडून स्पेनसुद्धा बाजाराच्या गावासारखं वाटायचं.

हे वेड कुठून आलं, ते एकदा डबा खाताना कळलं. लग्नानंतर सासरची मंडळी गोव्याला निघाली होती. अक्का पिशवी भरून दारात उभ्या. नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला कुठं न्यायची सोय नाही." बार्शीच्या त्या घरात त्या एकट्याच राहिल्या. पुढं त्यानं त्यांना सोडलंच.

"मग?"

"मग काय? लई रडले. आन् ठरवलं, एक दिवस ह्येला मी समुद्र दाखवणार." भाकरी मोडत त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी हसले. त्या हसल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ओडिशातल्या चांदीपूरची सहल निघाली. तिथं ओहोटीला समुद्र इतका मागं जातो की माणसं त्याच्या तळावरून दूरवर चालत जातात. नावं नोंदवणाऱ्यांत तो होता, दुसऱ्या बायकोसह.

"अक्का, ही सहल दुसऱ्या कुणाला देऊ," मी म्हणाले.

"कशाला? मीच नेते की."

मदतीला मी गेले. त्यानं अक्कांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. "ओ मॅडम, चहा सांगा," एवढंच, तेही बायकोकडं बघून हसत. अक्का चहा सांगत राहिल्या.

ओहोटी लागली. सगळे चिखलातले लाल खेकडे बघत हिंडले. भरतीची वेळ होत आली तशी माणसं अक्कांकडं बघून आपसूक परतली. तो मात्र फोटो काढत पार आत गेला होता, आमच्याकडं पाठ करून. तिथलं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. बाजूच्या ओघळींतून गुपचूप मागं शिरतं आणि परतीची वाट बुजवतं.

अक्कांनी शिट्टी ओठांत धरली. वाजवली नाही.

"अक्का, वाजवा की!"

त्यांचे डोळे त्याच्या पाठीवर होते. शिकाऱ्याचे असतात तसे. ओघळ भरत होती आणि त्या श्वास रोखून उभ्या होत्या.

तेवढ्यात त्याची बायको साडी खोचून पाण्यात उतरली. "अहो, अहो" करत निघालीच ती. पोहता येत नव्हतं तिला.

तेव्हा शिट्टी वाजली. अशी वाजली की बगळे उडाले. अक्का धावल्या, तिला दंडाला धरून मागं ओढलं, मग छातीभर पाण्यात शिरून त्याची कॉलर पकडली. तो चार पायांवर किनाऱ्याला लागला. चष्मा गेलेला, तोंडात चिखल. वीस माणसं बघत होती. त्यानं आधी बायकोलाच झापलं, "हाक मारता येत नाही तुला?"

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम थांबला होता ना?"

"व्हय."

"आता वाईट वाटतंय?"

"त्येचं? न्हाय. गेला असता तर बरं झालं असतं, आजबी वाटतं." खिडकीबाहेर बघत त्या थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर ती पोर गेली असती की गं."

सोलापूरला उतरल्यावर त्यांनी शिट्टी माझ्या हातात ठेवली. माणसं आपल्या भरवशावर पाण्यात उतरतात, ते काम आता आपलं नाही म्हणाल्या. जेऊरला भावाकडं गेल्या, फोन बदलला.

उन्हाळ्यात ती दुसरी बायको ऑफिसात आली. गुलाबी वाळूचा किनारा कुठं असतो म्हणून विचारू लागली. तिला एकटीला जायचं होतं.

"आणि साहेब?"

"ते राहतील घरी." तिनं ऑफिसभर नजर फिरवली. "त्या मॅडमच नेतील ना?"

त्या आता इथं नाहीत, हे मी सांगितलं.  ती अक्कांची खुर्ची पुढं ओढून बसली आणि म्हणाली, "बरं. मग मला आधी पोहायला कुठं शिकवतात ते सांगा."