बापाला न विचारता केलेली सही

माझा बा होडी चालवायचा. बोर्ली पंचतनपासून तासभर चालत गेलं की किनाऱ्यावर आमची वस्ती. मी मुंबईत कारखान्यात होतो. साठ सालानंतर दोनेक वर्षांनी बाच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीत कॅन्सरची गाठ निघाली. मी त्याला मुंबईला आणलं. दीड महिना विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, बा घरी गेला आणि परत मासळीला जाऊ लागला. दोन वर्षांनी लघवीतून रक्त आलं. परत मुंबईच्या इस्पितळात आणलं, तर गाठ पुन्हा वाढली होती.

डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात नेलं.

"आता शेक देता येणार नाहीत. कापून काढता येईल, पण आधीच्या शेकांनी आतलं मांस चिवट झालंय. लघवीवरचा ताबा बहुतेक कायमचा जाईल. वडिलांना नीट सांगा, मग सही करा."

मी सही आधी केली.

बा खाटेवर वाट बघत होता. "काय म्हनला डाक्टर?"

"गाठ काढनार. मग बरा होशील."

"होडीवर जाईन ना रं?"

"व्हय," मी म्हणालो.

खरं सांगितलं तर तो नको म्हणेल आणि मरेल, ही भीती होतीच. पण बापाशी असल्या गोष्टी बोलायची मला लाजही वाटली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. लघवी मात्र थेंब थेंब गळतच राहिली. आई जुन्या लुगड्याच्या घड्या करून द्यायची. बा एकदाच होडीवर गेला. तिथं बरोबरच्यांसमोर लघवी गळली. त्यानंतर तो घरामागे एकटाच जाळी दुरुस्त करत बसायचा.

शिमग्याला मी घरी गेलो, तेव्हा हातातलं काम न थांबवता त्यानं विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

"मला इचारायचं व्हतंस. मी हो म्हनलो असतो. पन ते मी म्हनलो असतो, तू न्हाई."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "बा, दोरा देऊ का आनखी?"

त्यानं हात पुढं केला. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. गाठ परत आली नाही. माफी मी मागितलीच नाही.