एका पुस्तकाला एक आवाज

"डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि तू निघालीस वाचायला."

"दोनच प्रकरणं राहिलीत हो."

"मग दुसरं कुणी वाचेल. राज्य ग्रंथालय आहे ते, तुझं माहेर नाही."

"अर्धा सदरा तुम्ही शिवला आणि अर्धा दुसऱ्या शिंप्यानं, तर गिऱ्हाईक घालेल?"

नवऱ्यानं मशीनवरचा पाय थांबवला. "गिऱ्हाइकासाठी मी माझं बोट सुईखाली देत नाही."

तिला ठसका लागला. घशातली गाठ वाढली तर आवाज कायमचा जाईल, हे तिलाही ठाऊक होतं.

ती ग्रंथालयात लागली तेव्हा देवघेवीच्या खिडकीवर बसायची. कोषागारामागच्या दोन खोल्यांत, फक्त साहेबलोकांसाठी सुरू झालेलं ते ग्रंथालय एव्हाना सगळ्यांना खुलं झालं होतं. मुलांचा विभाग होता, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. एकदा एक आंधळा बुरूड खिडकीशी आला आणि म्हणाला, "बाई, यात माझ्यासाठी काय आहे?" त्या दिवशी तिनं त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पुढे अडगळीच्या खोलीला गाद्या ठोकून ध्वनिमुद्रणाची खोली झाली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामानं निथळत तिनं तिथं निम्मं आयुष्य वाचून काढलं. ऐकणारे तिला आवाजताई म्हणू लागले.

एकदा ती तापानं पडली, तेव्हा उरलेली कादंबरी दुसरीनं वाचली. एका आजोबांनी कॅसेट परत आणून दिली. म्हणाले, "जणू घरातली बाई मध्येच बदलली. विचारायचीही चोरी."

तेव्हापासून नियमच झाला. आवाज बदलला, तर पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं. आताचं पुस्तक तर उशीएवढं जाडजूड होतं.

"नियम तूच केलास ना? तूच मोड."

"आणि वाट बघणाऱ्यांना काय सांगू?" आवाज शेवटी चिरकला.

नवऱ्यानं मान खाली घातली. हातातलं कापड उगाच सारखं केलं. "मीही ऐकणाराच आहे गं. तुझा आवाज परत आलाच नाही, तर या घरात मला हाक कोण मारणार?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण सकाळपासून आवाज फाटत होता, आणि उरलासुरला होता तो तिकडे न्यायचा होता. तिनं कोमट पाण्याची बाटली पिशवीत ठेवली, क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि ती जिना उतरून गेली.