कुठूनबाई आणि नववा गठ्ठा

हे मी लिहावं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि माणसांविषयी लिहिणारे लोक वेगळे असतात असं मला वाटत आलं आहे. शिवाय बाईंबद्दल लिहायचा हक्क माझ्यापेक्षा इतरांना जास्त आहे, कारण मी त्यांना फसवलं होतं. तरी लिहितो. चुकेल तिथं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांना सगळे कुठूनबाई म्हणत. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "कुठून कळलं?" अमकी शाळा बंद पडणार, तमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, बातमी कसलीही असो, त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत. शेजारणी वैतागायच्या. गप्पा मारायला जावं तर ही बाई साक्षच घेते, म्हणायच्या.

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका जुन्या वाचनालयात त्या शिपाई म्हणून लागल्या होत्या. शिक्षण सातवी. घरची भाषा तेलुगू, वडील गिरणीत विणकर. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता कुठलं पुस्तक कुठं हे त्यांना पाठ झालं, आणि शेवटी शेवटी ग्रंथपालांनाही काही सापडलं नाही की ते यांनाच हाक मारत. निवृत्तीनंतर त्यांनी दर रविवारी सकाळी तिथंच एक वर्ग सुरू केला. दारावर पुठ्ठा टांगला, 'माहिती कशी शोधावी. मोठ्यांसाठी.' विडी कामगार बायका, रिटायर झालेले कारकून, रिक्षावाले, असे पंधरा-वीस जण यायचे.

एकदा रिक्षावाले रफिकभाई मोबाईल नाचवत आत आले. "बाई, शुगरवर इलाज मिळाला! एक पाला हाय. पंधरा दिवस खायचा, गोळी बंद."

"कुठून कळलं?"

"ग्रुपवर आलं की."

"ग्रुप म्हणजे कोण? त्याला नावगाव हाय का?"

"मोठ्या डाक्टरनं सांगितलंय त्यात."

"कुठल्या दवाखान्यात बसतो तो?"

रफिकभाईंनी मेसेज पुन्हा वाचला. "ते लिवलं न्हाय."

"कुठं जायचं ते न सांगता कुणी तुमच्या रिक्षात बसला तर नेता का?"

"असं कसं नेणार?"

"मग याला डोक्यात कसं बसवून घेतलंत?"

सगळे हसले, रफिकभाईसुद्धा. मग बाईंनी तो मेसेज सगळ्यांना शोधायला लावला. तासाभरात तोच मजकूर तीन निरनिराळ्या डॉक्टरांच्या नावानं सापडला. बाईंना स्वतःला साखर होती. त्या म्हणाल्या, "माझ्या मनातपण आलं होतं की, खरं असलं तर किती बरं होईल. जे खरं असावं असं लई वाटतं ना, ते दोनदा तपासायचं."

मी तिथं पोचलो तो कॉलेजच्या प्रकल्पापायी. विषय होता विडी कामगारांचं जीवन. मी मोबाईलवरून सोळा पानं उतरवून काढली होती आणि शेवटी पुस्तकांची नावं हवीत म्हणून वाचनालयात गेलो होतो. बाईंनी पानं चाळली.

"गाव कुठलं?"

"कुंभारी."

"आई काय करते?"

"विड्या वळते."

बाईंनी पानं माझ्यापुढं सरकवली. "मग यात ती कुठं आहे?"

घरी जाऊन मी आईसमोर वही घेऊन बसलो, तर ती लाजली. "माजं काय लिवतोस? माजं लिवण्यासारकं काय न्हाय." पण सांगू लागली तेव्हा पान कापायच्या मापापासून पाठदुखीपर्यंत इतकं निघालं की माझी सोळाच्या सोळा पानं मला खोटी वाटू लागली. ती मी फाडली. तेव्हापासून मी रविवारचा झालो, आणि बाई मला कुंभारी म्हणू लागल्या.

त्यांची कामाची एक रीत होती. संगणक आल्यावर कॅटलॉगची जुनी कार्डं रद्दीत निघाली, ती त्यांनी पोतं भरून ठेवली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही लिहायचं, काय शोधलं, कुठं शोधलं, कोणत्या दिवशी, मिळालं की नाही. न मिळाल्याचंही कार्ड व्हायलाच हवं. "तिथं नाही, हेपण कळावं लागतं," त्या म्हणायच्या. "म्हणजे मागून येणारा त्या दारात फुकट उभा राहत नाही." त्या कार्डावर वर्गातले सगळे डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

त्यांच्या थोरल्या भावाबद्दल मला उशिरा कळलं. बाई तेरा-चौदा वर्षांच्या असताना तो वडिलांशी भांडून घर सोडून गेला. पुढं वडील वारले, आणि मायलेकींनी गिरणीसमोरच्या चाळीतली खोली सोडली. त्यानंतर कधीतरी एका ओळखीच्यानं सांगितलं की, तुमच्या नरसय्याला त्या चाळीसमोरच्या वाचनखोलीत पाहिलं. कुठून कळलं हे बाईंनी त्याला विचारलं नाही, कारण त्या वेळी त्यांना ते सुचलं नव्हतं. तो माणूसही पुढं वारला. एवढंच त्यांना जन्मभर जाणून घ्यायचं होतं, भाऊ परत आला होता की नव्हता. दर राखी पौर्णिमेला त्या घरातल्या एका खिळ्याला सुताचा धागा बांधायच्या. "अन्नय्याचा," म्हणजे थोरल्या भावाचा, एवढंच म्हणायच्या.

ती वाचनखोली कधीच बंद पडली होती, पण तिथल्या वाचकांच्या सह्यांच्या वह्या आमच्या वाचनालयात येऊन पडल्या होत्या. अकरा गठ्ठे. बाईंच्या डोळ्यांना पेन्सिलीची अक्षरं दिसत नव्हती. मीच म्हणालो, मी बघतो. आठ गठ्ठे मी पानन्‌पान पाहिले. नववा कधीतरी भिजलेला होता, त्याची मागची पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. माझी परीक्षा चार दिवसांवर आली होती. वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटं होती. मी कार्डावर लिहिलं, 'नववा गठ्ठा. पूर्ण पाहिला. नाही.' मग पुढच्या आठवड्यात दहावा आणि अकरावा अगदी प्रामाणिकपणे पाहिले, जणू त्यानं भरून निघणार होतं.

बाईंनी अकरा कार्डं हातात धरली. "म्हणजे आला नव्हता," त्या म्हणाल्या. "लोक बोलतात काहीतरी." त्या वर्षी राखी पौर्णिमेला मी त्यांच्या घरी गेलो, तर खिळा रिकामा होता. मी तिकडं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "आता कशाला? ज्याला परत यायचं नव्हतं त्याला किती बांधून ठेवायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. मी तो प्यायलो.

दोन वर्षं अशीच गेली. मी एम.ए.ला गेलो. मग एका रविवारी वर्गात नवी माणसं आली होती, तेव्हा बाईंनी कपाटातून माझी कार्डं काढली आणि उंच धरली. "हे बघा. शोधायचं तर असं. अकरा गठ्ठे, एक पान सोडलं नाही पोरानं." नवी माणसं माझ्याकडं कौतुकानं बघू लागली. मला तिथं बसवेना.

वर्ग सुटल्यावर मी सांगितलं. बाई टेबलावरची कार्डं सरळ करू लागल्या. मला वाटत होतं, त्यांनी मारावं.

"कितवा?"

"नववा."

त्यांनी एक कोरं कार्ड पुढं सरकवलं. "लिही. पूर्ण पाहिला नाही."

"तारीख कुठली घालू?"

"आजची."

मी लिहू लागलो. त्या म्हणाल्या, "अक्षर नीट काढ. दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी आईकडून विडीची पानं कापायच्या मापाचा पातळ पत्रा आणला, आणि आम्ही दोघं एकेक पान सोडवत बसलो. तिसऱ्या दुपारी ते नाव निघालं. नरसय्या. खाली दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पुन्हा, आणि तिसऱ्या दिवसाच्या तारखेला पुन्हा. पत्त्याच्या रकान्यात तिन्ही वेळा भिवंडीतल्या एका खानावळीचं नाव. मी वाचून दाखवलं. बाईंनी माझा हात धरून तिन्ही ओळींवरून बोट फिरवून घेतलं.

"तीन दिवस," त्या म्हणाल्या. "खिडकीतून आमचं दार दिसायचं. आत दुसरीच माणसं. तीन दिवस बघत बसला असेल रे." आणि मग मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन पोस्टकार्डं लिहवून घेतली, एक त्या खानावळीला, एक भिवंडीतल्या तेलुगू विणकरांच्या समाजमंदिराला. त्यांना फोनवरचं ऐकू यायचं नाही, म्हणून खाली माझा नंबर घातला. धागा त्यांनी पुन्हा खिळ्याला बांधला, पौर्णिमा नसताना.

पुढं पायाची जखम चिघळली आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी रोज जायचो. मला बघितलं की विचारायच्या, "आला फोन?"

"नाही, बाई."

"अनोळखी नंबर उचलतोस ना? का कर्ज देणारे समजून कापतोस?"

"सगळे उचलतो."

"परीक्षा चालू असली तरी?"

त्या हसून म्हणाल्या होत्या, पण मी मान खाली घातली. मग त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अरे कुंभारी, तू सांगितलंस की. न सांगता राहिला असतास तर मी काय करणार होते?" त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. एवढंच लिहितो की त्या असं म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्या गेल्या. रफिकभाईंनी त्यांना आपल्या रिक्षातून न्यायचा हट्ट धरला होता, तो पुरा झाला नाही. ते शववाहिकेच्या मागून रिक्षा चालवत आले.

वर्ग आता आम्ही चालवतो. जमतो असं म्हणवत नाही. नवव्या गठ्ठ्याची दोन्ही कार्डं मी नव्या माणसांना दाखवतो, आणि कुणी लिहिली तेही सांगतो.

बाईंना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मी वाचनालयाच्या पायरीवर होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई बोलत होत्या.

"सोलापूर का? तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ती खानावळ कवाच बंद झाली हो, कार्ड समाजमंदिरात फिरत फिरत आमच्याकडं आलं. मी नरसय्यांची मुलगी. अप्पा हायत. अठ्ठ्याहत्तर वय झालं. आत्याचं नाव वाचून दाखवलं तर उठून शर्ट घातला त्यांनी, सकाळपासून पिशवी घेऊन दारात बसलेत. परवाच्या गाडीनं घेऊन येते मी त्यांना." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि दादा, आत्याला एकदम सांगू नका हं. वय झालंय त्यांचं. जवळ बसून, हळू हळू सांगा."