केसभर उंच दाढ

त्याला सगळे दादा म्हणत. आधी तो धाकट्या भावाचा दादा होता, मग भावाच्या नर्सचा झाला, मग पेशंटांचा, आणि होता होता पाळकसाहेबांपासून पेपरवाल्यापर्यंत अख्ख्या गल्लीचा. ऐकायला किती छान! पण दादा म्हणजे कोणाचा तरी दादा, आणि इथे तो डॉक्टरांचा दादा होता, हे सगळ्यांत चांगलं त्यालाच ठाऊक होतं.

धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. पुढच्या खोलीत त्याचा दवाखाना. पांढऱ्या भिंती, मागे रेलणारी खुर्ची, फ्रेममध्ये लावलेली पदवी. मधे एक दार आणि दाराच्या मागे दादाची खोली. तिथे प्लास्टरची पोती, मेण वितळवायचा दिवा, पॉलिशची मोटार आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. दादा कवळ्या करायचा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन डब्यात घालून मागे पाठवायचा, पुढचं सगळं दादाचं. साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, वर-खालचे दात नीट जुळतात का ते दहा वेळा बघायचं, घासून चकचकीत करायचं. मग कवळी पुढे जायची, आणि थोड्या वेळानं दाराच्या फटीतून ऐकू यायचं, "वा डॉक्टर! काय हात आहे हो तुमचा!"

हात! एवढं ऐकलं की दादाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हातातलं काम खाली ठेवून तो मोटार चालू करायचा, नुसतीच, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

आता कोणाला वाटेल, मोठ्यानं पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला शिकवलं असेल आणि धाकटा उलटला असेल. छे, तसलं काही नाही. दादाचं पुस्तकात डोकं चालत नव्हतं, हात चालत होते, म्हणून तो आपणहून या कामाला लागला. त्याग केला असता तर निदान जळायला हक्काचं कारण मिळालं असतं! त्यात भाऊ स्वभावानं चांगला. दादाला विचारल्याशिवाय नवी खुर्चीसुद्धा घेतली नाही त्यानं. वाढदिवसाला शर्ट आणायचा आणि तो मेला शर्ट नेमका मापात बसायचा. चांगल्या माणसावर जळणं फार जिकिरीचं काम आहे. त्याच्या नावानं बोटंही मोडता येत नाहीत.

चर्चमध्ये तरी सुटका व्हावी, तर तिथे बाई होत्या. बाई म्हणजे संडे स्कूलच्या बाई. दोघा भावांनी लहानपणी त्यांच्याच पायाशी बसून प्रभूची ओळख करून घेतली. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या आणि दर रविवारी उभं राहून सगळ्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना करणं हे त्यांचं काम होतं. त्यांची रीतच वेगळी. "प्रभू, पोस्टमनच्या गुडघ्यांना आराम दे. शिवणवाल्या ताईच्या डोळ्यांना उजेड दे. गवंड्याची पाठ सांभाळ. आणि आमच्या डॉक्टरांच्या हातांना यश दे."

शेवटच्या बाकावर दादा डोळे मिटून दात खायचा. 'अहो, हात कोणाचे? हात माझे!' सहा वर्षं तो वाट बघत होता. पोस्टमन येऊन गेला, गवंडी येऊन गेला, गवंड्याच्या सासूचा दमासुद्धा येऊन गेला. दादा काही आला नाही. एकदा घरी येताना बायको म्हणाली, "तुम्ही प्रार्थनेला बसता की हजेरी घ्यायला?" दादानं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

एक समाधान मात्र त्यानं स्वतःपाशी जपून ठेवलं होतं. लोकांना नसेल दिसत, देवाला तर दिसतंय ना मागच्या खोलीत कोण बसलंय ते. एखादी कवळी फार सुरेख साधली की तो ती दिव्यापाशी धरायचा आणि मनात म्हणायचा, बघ. एवढीच त्याची भक्ती, आणि ती खरी होती.

मग एका सोमवारी एक डबा मागे आला. डब्यावर नुसता नंबर असतो, नाव नसतं. पण दादानं साचा ओतला, प्लास्टर सुकल्यावर जबडा हातात घेतला आणि ओळखलाच. खालचा जबडा डावीकडे जरासा कललेला. लहानपणी बाई गोष्ट सांगायच्या तेव्हा याच हनुवटीकडे तो टक लावून बसायचा.

खरं सांगायचं तर कवळी त्यानं जीव ओतून केली. पण शेवटच्या दिवशी पुढून भावाचं हसणं ऐकू आलं, कोणीतरी पुन्हा हातांचं कौतुक करत होतं, आणि आदल्या रविवारची प्रार्थना डोक्यात घणाणायला लागली. उजवीकडची एक दाढ त्यानं केसभर उंच ठेवली. मुद्दाम. केसभरच! हिशेब सरळ होता. बाईंना टोचेल, बाई डॉक्टरकडे कुरकुर करतील, डॉक्टरचं तोंड एकदा तरी पडेल, कवळी मागे येईल, दादा ती पाच मिनिटांत ठीक करेल, आणि बाईंना कळेल यश कोणाच्या हाताला आहे ते.

पण बाई कुरकुर करायला गेल्याच नाहीत. डॉक्टरांनी एवढ्या मायेनं केलंय, त्यांना कशाला त्रास, असा त्यांचा स्वभाव. पहिल्या रविवारी प्रार्थनेत त्यांची जीभ अडखळली. दुसऱ्या रविवारी 'पोस्टमन' म्हणताना अशी शिट्टी वाजली की पुढच्या बाकावरची पोरं खुदकन हसली. तिसऱ्या रविवारी बाई उठल्याच नाहीत. तोंडाला रुमाल लावून बसून राहिल्या. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, आजपासून तुम्ही घ्याल का प्रार्थना?"

झालं! भाऊ उठून उभा राहिला. आवाज खणखणीत, इस्त्रीचा शर्ट, आणि तो आपला बाईंसाठीच प्रार्थना करायला लागला. लोक डोळे पुसायला लागले. मागच्या बाकावर दादाला वाटलं, आता आपण उठून ओरडणार. स्वतःच्या हातानं त्यानं भावाला तिथे नेऊन उभं केलं होतं. वा रे शहाण्या!

त्याच्या पुढच्या दोन रविवारीही तेच. त्यातल्या दुसऱ्या रविवारी प्रभुभोजन होतं. बाई नेमक्या दादाच्या पुढच्या बाकावर होत्या. भाकरीचा तुकडा केवढा, नखाएवढा. बाईंनी तो तोंडात घेतला, चावायला गेल्या आणि कळवळल्या. मग तो तसाच जिभेवर धरून बसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारणीला वाटलं, भक्तीनं आलं.

दादाच्या हातात त्याचा तुकडा होता. देवाला तर दिसतंय, ही त्याची सगळ्यात आवडती ओळ त्याला आठवली. दिसतंय ना? मग त्या दिवशी दिव्यापाशी बसून दाढ उंच ठेवली, तेही दिसलंच असणार. चांगलं तेवढं बघ आणि हे बघू नकोस, असं देवाला कसं सांगायचं? इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपल्याकडे कोणी बघत नाही. त्या क्षणी त्याच्याकडे कोणीतरी असं बघत होतं की लपायला जागा नव्हती. आणि तरी भाकर त्याच्या हातात होती. कोणी ती काढून घेतली नव्हती. त्याला ती गिळवेना. त्यानं तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि ठरवलं, आधी सांगायचं, मग खायची.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट यायच्या आत तो मधलं दार उघडून पुढे गेला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. डॉक्टरच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"दादा, त्यांच्या तोंडात जखम झाली असेल. पाच आठवडे! तू... तुला काही वाटलं नाही?" भाऊ इतका चिडलेला दादानं कधी पाहिला नव्हता. तो खिडकीपाशी गेला, परत आला, पेशंटच्या खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "हे बघ, बाहेर कळलं तर दवाखान्याचं नाव जाईल. आणि लोक तुला काय काय बोलतील. तू काही बोलू नकोस. मी जातो बाईंकडे. माप घेताना माझी चूक झाली, असं सांगतो. विषय संपला."

हे भाऊ मनापासून म्हणत होता. तेच तर! दादाला बाईंचं घर डोळ्यांसमोर दिसलं. बाई म्हणणार, केवढा मोठेपणा डॉक्टरांचा, चूक कबूल करायला स्वतः आले! आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी दुप्पट प्रार्थना!

"नाही!" दादा इतक्या जोरात म्हणाला की बाहेर नर्स दचकली. "चांगलं होतं ते सगळं तुझ्या नावावर गेलं, जाऊ दे. हे माझं आहे. हे तुला नाही देणार."

इतक्या वर्षांत दादानं भावाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. भावानं कपाटातून निळ्या कागदाची वही काढली, वर-खालचे दात कुठे आपटतात ते दाखवणारा कागद असतो तो, आणि दादाच्या खिशात घातली. "जखमेला हात लावू नकोस. ती मी संध्याकाळी बघतो," एवढंच म्हणाला. आवाजात राग अजून होताच.

बाईंनी दार उघडलं तेव्हा तोंडात कवळी नव्हती. ती ओट्यावर पाण्याच्या ग्लासात होती. दादानं उभ्याउभ्याच सांगितलं. कवळी डॉक्टर करत नाहीत, मी करतो. दाढ उंच मी ठेवली. भावाच्या हातासाठी तुम्ही प्रार्थना करता आणि माझ्यासाठी नाही, म्हणून.

तुम्हाला वाटेल बाईंनी त्याला जवळ घेतलं. नाही घेतलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "पाच आठवडे मी दुधात पाव कालवून खातेय रे. त्याचं काही नाही. पण मला वाटलं, देवानंच माझं तोंड बंद केलं. रोज त्याला विचारत होते, माझं काय चुकलं? आता माझा आवाज तुला नकोसा झाला का? तुझ्या त्या दाढेपायी मी देवाशी भांडत होते!"

हे दादाच्या ध्यानीमनी नव्हतं. भावाकडून जे काही हिसकायचं होतं, ते त्यानं बाईंकडून काढून घेतलं होतं. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे आता. आधी काम कर."

त्यानं कवळी धुतली, बाईंच्या तोंडात बसवली, निळा कागद ठेवून चावायला सांगितलं. दाढेवर निळा ठिपका उमटला. सोबत आणलेल्या छोट्या मोटारीनं त्यानं तो घासला, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. चार वेळा. बाईंनी दात मिटले, जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "पोस्टमन." शिट्टी वाजली नाही.

"आणि हे बघ," कवळी चाचपत त्या म्हणाल्या, "तुला विचारलं होतं मी. सहा वर्षांपूर्वी, चर्चच्या जिन्यावर. सगळ्यांना विचारते, तसं तुलाही विचारलं, तुझ्यासाठी काय मागू? तर तू काय म्हणालास? 'माझं काय बाई, मी मागचा माणूस.' आणि तरातरा निघून गेलास. नको म्हणणाऱ्याच्या ताटात मी कशाला वाढू?"

दादा आठवायला लागला, आणि आठवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. खरंच म्हणाला होता. आणि कोणीतरी 'असं कसं रे' म्हणत मागे धावत येईल, म्हणून जिना हळूहळू उतरला होता.

"बरं, आता सांग. काय मागू?"

दादानं पायजम्यावरची भुकटी झटकली. मग खाली बघत म्हणाला, "धाकट्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही, बाई. आत्तासुद्धा बघवत नाही. त्यानं मला तो कागद दिला ना, तेव्हासुद्धा वाटलं, हाही चांगुलपणा त्यालाच कसा सुचतो! मला ते बघवावं, एवढं मागा."

"हे मी नाही मागणार," बाई म्हणाल्या. "हे तूच माग. मोठ्यानं. मी आमेन म्हणते."

जन्मात त्यानं कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. तो भावाचा प्रांत! खणखणीत आवाज, नेमके शब्द. दादाला दोन वाक्यं धड जुळवता येईनात. "प्रभू, मी... मी मागच्या खोलीतला," असं म्हणून तो थांबला. मग मान हलवून पुन्हा सुरुवात केली. "प्रभू, मी तुझा. मला जळायची सवय आहे. तू बघितलंस सगळं. आणि तरी मला काल भाकर दिलीस." पुढे काही सुचेना, म्हणून त्यानं भावाचं नाव घेतलं. नुसतं नाव. ते तोंडातून निघताना कडू लागलं, तरी त्यानं ते पूर्ण उच्चारलं.

"आमेन," बाई म्हणाल्या. एकेक अक्षर स्वच्छ.

दादानं खिशातून कालचा रुमाल काढला, त्यातला वाळलेला तुकडा तोंडात टाकला आणि तिथेच बसून सावकाश चावून खाल्ला.