सात नंबरचा बांबू

नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही. ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — पण माझी कीव करू नका, तिचाच मला जास्त राग येईल.

मी ऊर्जानगरची. वडील वीज केंद्रात, दोरीवरच्या कपड्यांवर रोज राख. आणि मी शिकून हिमालयात हिमनदी मोजायला गेले! चंद्रपूरच्या शाळांत अजून भाषणाला बोलावतात. मी कोळशावर, धुरावर, अख्ख्या जगावर आग पाखडते. पोरं टाळ्या वाजवतात. तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते — का, तेच सांगायचंय.

हिमनदी मोजायची म्हणजे बर्फात खोल भोक पाडून बांबू रोवायचा. बर्फ वितळतो, बांबू उघडा पडतो. जितका उघडा, तितका बर्फ गेला. फारच उघडा पडला तर पुन्हा खोल रोवायचा. आमचे बांबू रोवायचे विठ्ठलभाऊ. एटापल्लीकडचे, सारा जन्म बांबूत गेलेला माणूस. आमच्या तुकडीच्या साहेबांनी माझ्याच शब्दावर त्यांना घेतलं होतं.

त्या वर्षी सात नंबर मोजायची पाळी माझी. वाटेत बर्फाला मोठी भेग. जोडीदाराला उंची बाधली, तो मागे फिरला. मीही फिरायचं ना! वहीत 'जाता आलं नाही' एवढं लिहिलं असतं तरी कोण काय म्हणणार होतं? पण भ्याले हे कबूल करायची लाज. मग मी काय केलं? खडकाआड बसले, फुटाणे खाल्ले, आणि सहा नंबरच्या आकड्यात थोडी भर घालून सातचा आकडा ठोकून दिला.

पुढच्या वर्षी गेलो, तर तो बांबू बर्फावर आडवा. माझ्या आकड्याप्रमाणे तो अजून निम्मा आत असायला हवा होता. साहेब कडाडले — नीट रोवलाच नाही! विठ्ठलभाऊ माझ्याकडे वळले.

"ताई, मी खोलच गाडला होता जी. तुमी तं मोजून आल्या होत्या ना? सांगा ना सायबाले."

मी बुटाची नाडी बांधत राहिले. सुटलेली नसलेली नाडी!

बांबू नीटच रोवला होता. बर्फच तेवढा गेला होता. आदल्या वर्षी मी तिथवर गेले असते तर दिसलंच असतं. खोटी मी — आणि कामचुकार ठरले ते. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी पाठवलं. मी त्यांना निरोप द्यायलाही तंबूबाहेर आले नाही.

परवा एटापल्लीच्या बाजारात दिसले. सुपं विकत होते. मला पाहून उठून उभे राहिले.

"नसन गाडला मी खोल, ताई. माह्यापायी तुमचा शब्द गेला."

आणि मी काय म्हणाले असेन? "जाऊ द्या हो, भाऊ."

मी — त्यांना — माफ केलं.