धोतरातले कॅप्टनसाहेब

कॅप्टनसाहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागायला समितीचे लोक माझ्याकडे आले. त्यांतला एक जण म्हणाला, "गुरुजी, तुमीच ल्ह्या. तुमच्या जिभेवर सरस्वती हाय." मी मान खाली घातली. त्यांना वाटले, मी विनयाने घातली. या जिभेने दोन वर्षांपूर्वी गावात काय केले हे तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही. तेव्हा हा लेख गौरवाचा असला तरी त्यातला निम्मा कबुलीजबाब आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कॅप्टन सावळेराम गाडेकर यांची माझी पहिली भेट मी बदली होऊन या गावात आलो त्या दिवशीची. सैन्यातून निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी गावात राहतात, त्यांच्या ओळखीने खोली मिळेल, असे मला कोणीतरी पारनेरला सांगितले होते. एस.टी.तून उतरलो तो समोरून धोतराचा काचा मारलेले एक गृहस्थ खांद्यावर एक आणि हातात एक अशा दोन घागरी घेऊन चाललेले. मी नव्या मास्तरच्या तोऱ्यात हाक मारली, "ए बाबा, कॅप्टन गाडेकरांचं घर कुठंय?" ते म्हणाले, "या माझ्या मागं." घरी पोचल्यावर त्यांनी घागरी रांजणात ओतल्या, हात पुसले, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "बसा गुरुजी. मीच गाडेकर. काय काम काढलं?" आत चुलीपाशी हौसाकाकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. माणूस कपड्यांवरून ओळखायची माझी खोड तेव्हाच मोडायला हवी होती. ठेच लागली, पण शहाणपण आले नाही.

साहेब चौथी पास होऊन साधे शिपाई म्हणून भरती झाले. महायुद्धात समुद्रापार जाऊन आले. एकेक पायरी चढत सुभेदार मेजर झाले आणि निवृत्त होताना सरकारने त्यांना कॅप्टन हा मानाचा हुद्दा दिला. हे सर्व या ग्रंथात इतरांनी तपशिलाने लिहिले आहेच. मला सांगायची आहे ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीची गोष्ट. लग्नानंतर साहेब पलटणीतून दर आठवड्याला पत्र लिहीत, आणि काकींना तर अक्षरओळख नव्हती. नवऱ्याचे पत्र दुसऱ्याने वाचून दाखवावे हे दोघांनाही पसंत नव्हते. मग दोन महिन्यांच्या रजेवर आलेल्या या जवानाने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मुळाक्षरे काढली, आणि भाकरी थापता थापता काकी वाचायला शिकल्या. मी इतकी वर्षे मास्तरकी करतो आहे, पण दोन महिन्यांत प्रौढ माणसाला पत्र वाचायला शिकवणे मला अजून साधलेले नाही. काकींच्या गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून विहिरीचे पाणी साहेबच भरतात. गावातले काही पुरुष हसतात. साहेब त्यांना रामराम घालून पुढे जातात.

गेल्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर बायका तान्ही पोरे उन्हात दगडांच्या आडोशाला ठेवून खडी फोडत. साहेब तिथे देखरेखीला होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातली जुनी लुगडी नेली आणि बाभळींना ओळीने झोळ्या बांधल्या. एक म्हातारी झोके द्यायला बसवली आणि पंचनामा करावा तशा गंभीर चेहऱ्याने मुकादमाला सांगितले, "हिची हजेरी लागली पायजे. ही बी कामावरच हाय." अशा गोष्टी मला आणखी चार-पाच सांगता येतील. पण मी मुद्द्यावर यायचे टाळतो आहे, हे माझे मलाच कळते आहे.

एक्काहत्तरच्या डिसेंबरात लढाई चालू होती. गावची पंधरा-वीस मुले सैन्यात, त्यांत साहेबांचा एकुलता एक मुलगा बबनही सीमेवर. आम्ही शाळेत सभा ठरवली. जवानांसाठी घरोघरचे लाडू आणि लोकरीचे मफलर गोळा करायचे, तालुक्याचे पाहुणे बोलवायचे. सूत्रसंचालन अर्थात माझे. साहेबांनी वर्दी घालून, छातीवर पदके लावून व्यासपीठावर बसावे अशी मी गळ घातली. ते म्हणाले, "गुरुजी, वर्दीचं तेवढं ऱ्हाऊ द्या. धोतरात चालत आसंल तर येतो."

मला राग आला. सभेची शोभा वाढवायला धोतरातली माणसे गावात थोडी का होती? त्यातून त्या दिवसांत साहेब सकाळच्या एस.टी.ने कुठेतरी जात आणि दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी परत येत. कोणी म्हणे, राहात्याच्या बाजारात दिसले. कोणी म्हणे, कोपरगावच्या स्टँडवर चहा पीत होते. कुठे गेला होता असे विचारले तर "पाव्हन्यांकडं" एवढेच उत्तर. सभेच्या दिवशीही ते सकाळच्याच एस.टी.ने निघून गेले. व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी राहिली. पाहुण्यांनी विचारले, "कॅप्टन कुठं आहेत?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. भोंग्यावरून म्हणालो, "आमच्या गावचा न्यायच वेगळा आहे. पोरगा सीमेवर, बाप एस.टी.वर!"

सभा खदखदून हसली. पाहुणे सर्वांत मोठ्याने हसले. यमक जमल्याचा मला आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते, पण झाला होता. बायकांच्या घोळक्यात हौसाकाकी बसल्या होत्या, मांडीवर नात मंगल. त्यांच्याकडे माझी नजर गेली आणि मी ती वळवली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोरे मंगलच्या मागे लागली, "पोरगा सीमेवर, बाप एस.टी.वर!" मंगल तेव्हा दुसरीत होती. मी वर्गात होतो आणि पोरांना गप्प केले नाही. आपली ओळ पोरांच्या तोंडी बसली याचेच मला कौतुक. नंतर आठ दिवस मंगल शाळेत आली नाही. हजेरीपटावर मी स्वतःच्या हाताने तिची गैरहजेरी मांडली आणि कारणाच्या जागी लिहिले, 'समजत नाही.'

संक्रांत झाल्यावर मी धाकट्या बहिणीला भेटायला राहात्याजवळच्या एका वाडीत गेलो. तिच्या शेजारच्या घरातला दत्तू नावाचा तरुण लढाईत पडला होता. मी भेटायला गेलो. दत्तूचे वडील कोंडीबा ओट्यावर बसले होते. मी कुठल्या गावचा ते कळताच म्हातारा उठून उभा राहिला.

"म्हंजे कॅप्टनसायबांच्या गावचं तुमी? या, या, बसा."

मग त्यांनीच सांगितले. लढाईत कोणी पडले की घरी तार यायची. घरात वाचणारे कोणी नसले तर पोस्टमन ती दारातच वाचून दाखवायचा आणि पुढच्या घराकडे जायचा. साहेबांनी नगरच्या सैनिकी कचेरीत जाऊन हे काम स्वतःहून मागून घेतले होते. जिल्ह्यातल्या अशा घरची खबर आली की ती घेऊन ते स्वतः एस.टी.ने निघत.

"धोतरात आले वो," कोंडीबा म्हणाले. "मला वाटलं, बैल बगाया कोन आलाय. पानी प्याले. दत्तू ल्हान आसताना कसा हुता, इचारलं. मी आपला सांगत बसलो, झाडावरनं पडला हुता, आमकं झालं, तमकं झालं. समदं ऐकून घेतलं. मंग माजा हात धरला आन् सांगितलं. तीन दिस ऱ्हायले. वैरन कापली, म्हशीची धार काढली. माजी म्हातारी जेवंना, तर तिच्या म्होरं ताट घेऊन बसले, म्हनाले, तू खाल्ल्याबिगर मी बी खात न्हाई. गुरुजी, त्या टायमाला रस्त्यानं वर्दी दिसली तरी समद्या वाडीतल्या बाया दारात येऊन हुब्या ऱ्हायच्या. वाडीतली सात पोरं हायेत पलटनीत. वर्दीत आले आसते तर साती घरांत चूल पेटली नसती."

मी खाली बघत होतो. आमच्या सभेच्या दिवशी साहेब कुठे होते, हे तारीख जुळवण्याआधीच मला कळले होते. तरी मी तारीख विचारली. तोच दिवस होता.

मी उठलो तेव्हा कोंडीबांनी विचारले, "तुमच्या गावात लई मान आसंल न्हाई त्यांना?"

मी म्हणालो, "हो. फार मान आहे."

खोटे मी आयुष्यात पुष्कळ बोललो असेन. पण पुत्रशोक झालेल्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर उभे राहून बोललेले हे एकच. 

गावात उतरलो तो थेट साहेबांच्या घरी गेलो. साहेब ओसरीवर मंगलची वेणी घालत होते. बुटाची नाडी आवळावी तशी ते ती आवळत होते आणि पोरगी "आजोबा, दुखतंय" म्हणून कुरकुरत होती. मी उभ्यानेच म्हणालो, "साहेब, मी चुकलो." त्यांनी वर पाहिले आणि हातातली रिबीन माझ्याकडे केली. "जरा हे टोक धरा, गुरुजी. माझं दोन हात पुरंनात." मी टोक धरले. मी राहात्याला गेलो होतो असे सांगितले, कोंडीबांचे नाव घेतले. ते वेणीतून नजर न काढता म्हणाले, "तुमी खोटं कुठं बोलला? मी एसटीनंच गेल्तो की."

उद्याच्या उद्या चावडीवर सर्वांसमोर मी खरे सांगतो, असे मी म्हणालो, तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले.

"आजाबात न्हाई. लढाई संपली, पन पोरं आजून दवाखान्यात हायेत, काहींचा तपास न्हाई. मला आजून फिरायचंय. मी कशापायी येतो हे एकदा जिल्ह्यात कळलं, तर मी एसटीतनं उतरल्याबरूबर बाया रडाया लागतील. मग माझं धोतर बी वर्दीच हुईल." आतल्या बाजूला बघून ते हळू आवाजात म्हणाले, "आन् हिला बी सांगू नका मी काय बोललो. बबनचं पत्र यायचं हुतं तवा मी वर्दी काढाया ट्रंक उगडली आसती, तर वंगाळ खबर आली समजून ही जाग्यावर बसली आसती."

म्हणजे माझ्या चुकीची भरपाई करण्याची वाटही त्यांच्या कामाने अडवलेली होती. गाव ती ओळ म्हणत राहिले, आणि साहेब ती ऐकत घागरी भरत राहिले. बबन सुखरूप घरी आला, तेव्हा त्यालाही मित्रांनी ती ऐकवली. तो हसला. बापाचाच मुलगा.

आता त्या तारा थांबल्या आहेत. हा लेख लिहू का, असे मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, "ल्ह्या. पन थोडं ल्ह्या. आन् आधी हिला इचारा." मी काकींपुढे बसलो. काकी तांदूळ निवडत होत्या. त्या एकेक खडा बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बोलनं मला न्हाई लागलं, गुरुजी. पोरं मंगलला चिडवायची, ते लागलं. ती इचारायची, आजोबा भितात का गं आजी? मी काय सांगू? मला ठावं हुतं कुठं जातात, पन सांगायची बंदी." शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ल्ह्या. पन मंगलला वाचता यील आसं ल्ह्या. आन् मला बी वाचता येतं, ध्यानात ठिवा."

मंगल आता चौथीत आहे. म्हणून या लेखात मी अवघड शब्द घातलेले नाहीत. मंगल, तुझे आजोबा भीत नव्हते. भीत आम्ही होतो, खरे काय ते त्यांना विचारायला. दुसरीच्या हजेरीपटावर तुझ्या आठ दिवसांपुढे जे 'समजत नाही' लिहिले आहे, ते माझ्याबद्दल आहे असे समज.

सत्काराच्या दिवशी साहेबांनी वर्दीत यावे अशी समितीची इच्छा होती. वर्दीचा तो उल्लेख पत्रिकेतून काढावा असा आग्रह मी धरला आणि या वेळी माझे ऐकले गेले. साहेब धोतरात येतील. काकींच्या गुडघ्यांना आराम पडो, रांजण भरायला साहेबांच्या खांद्यात बळ राहो, मंगलच्या लेकींच्या वेण्या घालण्याइतके आयुष्य त्यांना लाभो, हीच माझी प्रार्थना आहे.

आणि ग्रामस्थांना एक विनंती. सत्काराला मी कोंडीबांना बोलावले आहे. ते म्हातारीला घेऊन दुपारच्या एस.टी.ने उतरतील. त्यांना मी काय सांगून आलो आहे ते तुम्ही वर वाचलेच आहे. त्यांच्यासमोर मला खोटा पाडू नका.